आत्यानं पुसलेली काच

आमची आत्या समोर आली की आधी आपल्याला बघायची नाही, आपल्यावर कुठे काय लागलंय ते बघायची. कपाळावरचा घाम, शर्टावरचा वरणाचा डाग, चष्म्यावरचे बोटांचे ठसे, काहीही तिला चालायचं. डाव्या खांद्यावर जुन्या धोतराचं फडकं कायम. माझ्या साखरपुड्यात, होणाऱ्या सासूबाई माझी ओटी भरत असताना, हिने मधेच हात घालून माझ्या नाकावरची पावडर पुसली होती. "लई झाली व्हती," एवढाच खुलासा. सासूबाई अजून तो प्रसंग सांगतात आणि कौतुकाने सांगतात की तक्रारीने, ते मला आजवर कळलेलं नाही.

तिच्या गावच्या, येरमाळ्याच्या स्टँडवरचे कंडक्टर तिला ओळखायचे. बसमध्ये चढली की पहिल्यांदा खिडकीची काच, मग पुढच्या सीटची दांडी, मग शेजारच्या बाईच्या मांडीवरच्या लेकराचं नाक, असा तिचा क्रम ठरलेला असे. एकदा एक कंडक्टर वैतागून म्हणाला, "मावशी, आता टपावर बी एक हात मारून या." आत्या शांतपणे म्हणाली, "शिडी लाव, जाते की." बस कळंबपर्यंत हसत गेली. ती मात्र हसली नाही. तिला खरंच जायचं होतं, अशी माझी पक्की खात्री आहे.

"पुसल्याबिगर खरं दिसत न्हाय माय," हे तिचं नेहमीचं बोलणं. ते ती देवघरातल्या टाकांबद्दल म्हणायची, आरशाबद्दल म्हणायची आणि माणसांबद्दलही म्हणायची. तिच्या स्वयंपाकघरातली मांडणी बघायला शेजारणी येत. पितळेच्या पराती, तांबे, उतरत्या मापाचे डबे, सगळं चिंचेने घासून, कोरडं करून, ओळीने मांडलेलं. सगळ्यात मोठी परात तिच्या लग्नात माझ्या आजोबांनी दिलेली होती आणि तिच्या काठावर आत्याचं नाव कोरलेलं होतं. लहानपणी सुट्टीत तिच्याकडे गेले की त्या परातीत तोंड बघून मी वेणी घालायची. आरसा होता घरात. पण परातीत आपण जरा पिवळसर, देवीसारखे दिसतो, असं मला वाटायचं.

आत्याच्या यजमानांना आमच्याकडे मामा म्हणतात. या मामांचं देवीच्या डोंगराकडे जाणाऱ्या रस्त्यावर फोटोचं दुकान होतं. पुढे दुकान, मागे दोन खोल्यांचं घर, आणि मधे डोंगर-धबधबा रंगवलेला पडदा. नवीन लग्न झालेली जोडपी येडेश्वरीच्या दर्शनाला आली की उतरताना त्या धबधब्यापुढे उभी राहायची. जावळ काढलेली रडवी पोरं यायची. चैत्राच्या यात्रेत तर दुकानासमोर रीघ लागायची. पण मामांचं खरं नाव होतं ते बैलांच्या फोटोंसाठी. पोळ्याला ढोकीपासून, पार बार्शीच्या बाजूपासून त्यांना बोलावणी यायची. शिंगांना हिंगूळ लावलेली, झूल घातलेली जोडी, मधे कासरा धरून मालक. असे मामांनी काढलेले फोटो अजूनही कित्येक घरांत देवांच्या फोटोंच्या रांगेत आहेत.

मामा बोलायचे कमी, पण फोटोच्या बाबतीत भलते हट्टी. "बैलाच्या पापणीचा केस दिसाय पायजे," ते म्हणायचे. "न्हायतर बैल काय अन् ढेकूळ काय, येकच." जमाना बदलला तेव्हा त्यांनी जुना वापरलेला डिजिटल कॅमेरा घेतला, पण लेन्स मात्र आधीचीच लावली, हाताने फिरवायची. मशीन आपोआप नेम धरतं हे त्यांना पटायचं नाही. बैल कुठे बघतोय ते मशीनला काय ठाऊक, असा त्यांचा सवाल असे.

आता इथे कॅमेऱ्यातली एक गोष्ट सांगितली पाहिजे, नाहीतर पुढचं कळायचं नाही. मलाही ती फार उशिरा कळली. अशा कॅमेऱ्यात आरशाच्या वर एक बोटभर दुधी काच असते. फोकसिंग स्क्रीन म्हणतात तिला. डोळा लावला की जे दिसतं ते त्या काचेवर. फोटो मात्र उमटतो मागे, वेगळ्या ठिकाणी. त्यामुळे त्या काचेवर धूळ बसली तर ती फक्त फोटो काढणाऱ्याला दिसते, फोटोत येत नाही. मामा वर्षातून एकदा, यात्रा उरकली की, ती काच चिमट्याने काढून, रबरी फुग्याने फुंकर घालून परत बसवायचे. त्या वेळी घरात पंखा बंद, बोलणं बंद आणि आत्याला पडद्याच्या अलीकडे यायला बंदी. जग पुसणाऱ्या बाईला घरातली ही एकच वस्तू वर्ज्य होती. "मशीनला फडकं लावायचं न्हाय," असं मामांनी लग्न झाल्या झाल्या बजावलं होतं आणि तिने ते पाळलंही होतं.

मग एका वर्षी मामांचे डोळे गेले. म्हणजे आम्हाला कळलं ते असंच. चैत्रानंतरचे त्यांचे फोटो धूसर यायला लागले. दोन-तीन लग्नाची जोडपी नाराज झाली. पोळ्याला ढोकीच्या एका शेतकऱ्याच्या बैलजोडीचा फोटो काढला, आणि तो माणूस फोटो घ्यायला आला तेव्हा मी योगायोगाने दुकानात होते. त्याने फोटो जवळ धरला, लांब धरला आणि म्हणाला, "मालक, मागचं कडुलिंबाचं झाड लई झ्याक आलंय. पानं मोजून घ्यावीत. पर म्या बैलं सांगितली व्हती." मला हसू आवरेना. मामांनी फोटो त्याच्या हातातून घेतला, उलटा करून टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "डोळे गेले माझे, पाटील. दुसऱ्याकडनं काढून घ्या." माझं हसू तिथेच विरलं.

आत्याने त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं. डॉक्टर म्हणाले, वयाच्या मानाने डोळे चांगले आहेत, चष्म्याचा नंबर जरा बदलू. नवा चष्मा आला. मामा म्हणाले, "डॉक्टरला काय कळतंय? मला फोकस दिसत न्हाय." दिवाळीच्या आत त्यांनी दुकान बंद केलं. पुढची जागा मोबाइल विकणाऱ्याला भाड्याने दिली, धबधब्याचा पडदा गुंडाळून माळ्यावर टाकला आणि कॅमेरा आतल्या कपाटाच्या काचेच्या कप्प्यात ठेवला.

त्यानंतर आत्याने मामांच्या डोळ्यांचा जणू वसा घेतला. शेवग्याच्या पाल्याची भाजी, गाजरं, सकाळी पायाला तूप चोळणं, कोण काय सांगेल ते सगळं. आणि रोज दिवेलागणीला गुलाबपाण्याचे थेंब. मामा बाहेरच्या बाजेवर उताणे पडायचे, ती उशाशी बसायची, खांद्यावरचं फडकं हातात घ्यायची, आणि एकेका डोळ्यात थेंब टाकून कडेने ओघळलेलं पाणी टिपायची. मी पुण्याला शाळेत शिकवते. सुट्टीत गेले की तो सोहळा रोज बघायची. इतक्या वर्षांच्या संसारात ती दोघं एकमेकांच्या एवढी जवळ बसलेली मी त्याआधी पाहिली नव्हती. मला ते बघायला फार आवडायचं, हे आता लिहितानासुद्धा कसंतरी वाटतं.

दोनेक वर्षं अशी गेली. मग एका दिवाळीत मी मामांकडे तो कॅमेरा मागितला. शाळेच्या स्नेहसंमेलनात फोटो काढावेत, एवढाच विचार. "ने की," मामा म्हणाले. "कपाटात पडून काय करायलाय?" पुण्याला येऊन मी तो चालवून पाहिला. आत डोळा लावला तर सगळं स्वच्छ दिसे, आणि फोटो मात्र धूसर. माझे डोळे तर ठणठणीत होते. मी तो एका दुरुस्तीवाल्याकडे नेला. त्याने पुढचं झाकण काढून आत बारीक दिवा टाकला आणि विचारलं, "ही काच कोणी काढली होती? हिच्यावर एक कागदासारखी पातळ पट्टी असते. ती नाहीये." पट्टी नसली की काच केसभर सरकते, म्हणाला. मग डोळ्याला जे नेमकं दिसतं ते फोटोत नेमकं येत नाही. त्याच्या मागचं काहीतरी नेमकं येतं.

मला कडुलिंबाचं झाड आठवलं. मी दुकानाच्या पायरीवर उभी राहूनच येरमाळ्याला फोन लावला. केवढ्या आनंदात होते मी! मामांचे डोळे शाबूत आहेत, ही काय साधी बातमी होती? फोन आत्याने उचलला. मी म्हटलं, "आत्या, मामांचा कॅमेरा मधे कोणी उघडला होता का गं? त्यातली एक पट्टी हरवलीय. डोळे नाही बिघडलेले त्यांचे, कॅमेरा बिघडलाय." ती हळूच म्हणाली, "ते हितंच बसलेत. त्येंना काय बोलू नको. तू कवा येतीस?"

मी पुढच्याच रविवारी गेले. मामा देवळाकडे गेले होते. आत्याने मला स्वयंपाकघरात नेलं, मांडणीच्या खालच्या फळीवरून एक पत्र्याचा डबा काढला. हुक, बटणं, सेफ्टी पिना असला तो डबा. त्यातून तिने चौकटीच्या आकाराची एक बारीक चकचकीत पट्टी काढून माझ्या तळहातावर ठेवली. "हीच का गं?" मी मान हलवली. ती खाली बसली आणि मग तिने सगळं सांगितलं.

"त्या साली यात्रेत चुना लई उडाला व्हता," ती म्हणाली. आमच्याकडे चैत्राच्या यात्रेत देवीची पालखी आली की लोक रानात चुन्याचे खडे वेचतात. मामा त्या गर्दीत फोटो काढत फिरायचे. "मशीनच्या काचेत पांढरे ठिपके दिसायलेत म्हणून रोज कुरकुरायचे. मग ते बार्शीला गेले अल्बम आणाय. म्या म्हणलं, सगळं जग पुसतीस, ही बोटभर काच पुसाय काय अवघड हाय? कसं उघडतेत ते पडद्याआडनं बघितलं व्हतं की. काटा काढायच्या चिमट्यानं उघडलं बग. काच हातावर आली, अन् तिच्यावरनं ही बी आली. मला वाटलं, नव्या डब्यात घालतेत तसलं कायतरी पॅकिंग असंल. चमकायली व्हती, म्हणून टाकवली न्हाय."

"आणि मामांना कळलं नाही?"

"संध्याकाळी आले, मशीनला डोळा लावला अन् म्हणले, अगं, आज लई लख्ख दिसायलंय! म्या म्हणलं, व्हय का?" एवढं सांगताना तिच्या तोंडावर क्षणभर पूर्वीचा तोरा आला. "मला ओढतच हितं आणलं. मांडणीपुढं उभं केलं. हलू नको म्हणले. जन्मात पहिल्यांदा हौसेनं फोटो काढला असंल माझा. न्हायतर मुंडावळ्या बांधल्या तवाचाच."

"कसा आला तो?"

"कुठं बघितला? कॉम्प्युटर बिघडला म्हणले." मग ती फडक्याचं टोक बोटाला गुंडाळत बसली. "दुकान माझ्यामुळं बसलं. माझ्या फडक्यामुळं. माणूस चांगल्या डोळ्यानं आंधळा म्हणून बसलाय घरात."

मी म्हटलं, आज सांगून टाकू. पट्टी बसवून आणते, मामा पुन्हा फोटो काढतील, त्यात काय एवढं! तिने माझं मनगट घट्ट धरलं. "मी सांगते. माझ्या तोंडानं सांगते. तू न्हाय सांगायचं, अन् पट्टी बी न्हाय बसवायची. फोटो नीट आला की ते इचारतील." मी म्हटलं, ओरडतील म्हणून भितेस का? तर म्हणाली, "ओरडले तर बरंच की गं. ते ओरडायचे न्हायत. गप बसतील. ते गप बसले की मला घर खायाला उठतंय."

त्यानंतर तिचं सांगणं पुढे पुढे सरकत राहिलं. फोनवर मी विचारायची, "सांगितलंस?" कधी म्हणे पोळा होऊ दे, पोळ्याला त्येंना लई आठवण येती. कधी यात्रा होऊ दे. कधी त्यांचं बीपी उतरू दे. एकदा म्हणाली, "आज सांगणारच व्हते, पर ते भाजीला चांगली झाली म्हणले." आता भाजी चांगली झाली याचा आणि याचा काय संबंध? पण तिच्या दृष्टीने होता. मामा प्रेमाने एक शब्द बोलले की तिची जीभ टाळ्याला चिकटायची.

तिने मंगळवार धरले, ते सोडलेच नाहीत. गुडघे दुखत असताना देवीच्या पायऱ्या चढायची आणि चढता चढता पुसायची. गाजरं, पाला, तूप, सगळं दुप्पट झालं. पण एक गोष्ट मात्र तिने पुसायची सोडली. कॅमेरा मी परत नेऊन ठेवला होता. घरभर तिचं फडकं फिरायचं, कपाटाची दारंसुद्धा लख्ख असायची, आणि त्या एका कप्प्याच्या काचेवर धूळ साचत जायची. एकदा मी सहज हात उचलला तर केवढ्यांदा खेकसली, "राहू दे!" मला दुसऱ्या कशानेही तिची दया आली नसती इतकी त्या धुळीने आली.

आणि दिवेलागणीचे थेंब चालूच होते. आधी ती औषध म्हणून टाकायची. आता तिला पक्कं ठाऊक होतं की या डोळ्यांना काही झालेलं नाही, तरी टाकायची. मामा मुकाट पडून राहायचे. मला ते बघवेना. मी संध्याकाळी काहीतरी निमित्त काढून मागच्या खोलीत जायला लागले. पुढे पुढे फोनवर विचारायचंही सोडून दिलं. तिचं गुपित आहे, तिचं ती बघेल, असं स्वतःला सांगितलं की झोप बरी लागते. सोयीचं होतं ते मला.

यंदा चैत्र लागायच्या आधीच ती गेली. साधा ताप म्हणून बार्शीला नेलं होतं. मी पोहोचले तेव्हा बोलायच्या पलीकडे होती. आदल्या दिवशी फोनवर एवढंच म्हणाली होती, "यात्रा झाली की नक्की सांगते बग." मी "हो हो" म्हटलं होतं. त्या "हो हो"मध्ये कंटाळा होता. तिला तो ऐकू गेला असेल का, हे मला आता कोणाला विचारता येत नाही.

तेराव्याच्या आधी फोटोचा प्रश्न निघाला. तिचा मुलगा चाकणला कंपनीत असतो. त्याच्या मोबाइलमध्ये तिचा एक चांगला फोटो होता, तोच मोठा करू म्हणाला. मामा म्हणाले, "नको. माझ्याकडं हाय." आणि कॅमेऱ्याच्या कप्प्यात, मागच्या बाजूला उभा ठेवलेला एक मोठा लिफाफा त्यांनी काढला. त्या कप्प्याच्या आत हात घालायचा नाही हे ती पहिल्यापासून पाळायची, म्हणून तो तिला कधी सापडला नव्हता. आत तो फोटो होता, मोठा करून घेतलेला.

मांडणीपुढे आत्या उभी होती. खांद्यावर फडकं, आणि बहुतेक हसत होती. बहुतेक म्हणते, कारण चेहरा धूसर होता. डोळे कुठे, ओठ कुठे, नीट लागत नव्हतं. पण तिच्या मागची मांडणी! एकेक तांब्या, एकेक डबा, जणू आत्ताच घासून ठेवलेला. मोठ्या परातीच्या काठावर कोरलेलं तिचं नाव सहज वाचता येत होतं.

मुलगा फोटोचं माप घेऊन फ्रेमवाल्याकडे निघून गेला. मामा आणि मी दोघंच उरलो. मी ठरवलं होतं, तिचं सांगायचं राहिलंय तर मी सांगायचं. म्हटलं, "मामा, आत्याला तुम्हाला एक सांगायचं होतं..." पण त्यांचं लक्ष फोटोकडेच होतं.

"भांडी बग," ते म्हणाले. "डोळे गेलेल्या माणसाचा नेम कवा पुढं चुकतो, कवा मागं. ह्यो तसा चुकलेला न्हाय. तिच्यावर धरलेला नेम हातभर मागं जाऊन बसलाय. त्याच दिवशी कळलं मला. काच आपोआप लख्ख व्हत न्हाय, तवा तिनं पुसली हे बी कळलं. पट्टी पडली असंल म्हणून दुकान झाडून काढलं. घावली न्हाय. मग अंदाजानं नेम धरून काढत राहिलो, पर जमलं न्हाय."

मी म्हटलं, "मग दुरुस्तीला का नाही नेला?"

मामा बराच वेळ गप्प बसले. आत्या म्हणायची ते गप्प बसणं हेच असावं. मग म्हणाले, "त्या साली यात्रेत दुकानावर किती लोक आले? पोरं मोबाइल धरून हसायची अन् वर जायची. म्या गळ्यात कॅमेरा अडकवून स्टुलावर बसलेला. तुझी आत्या पडद्याआडनं बघायची अन् मी बघितलं की दुसरीकडं बघायची. डोळे गेले म्हणलं की लोक हळहळतेत, पोरी. गिऱ्हाईक गेलं म्हणलं की माणूस उघडा पडतो. म्हणून डोळे गेले म्हणून टाकलं." त्यांनी फोटोच्या कडेवरून बोट फिरवलं. "पर तिच्या हातनं झालं, हे तोंडातनं काढलं न्हाय कवा. जिवाला लावून घेतली असती तिनं. पट्टीचं तिला ठाऊक बी नसंल." आणि मग माझ्याकडे बघून विचारलं, "न्हाय ना गं?"

तिथे "नाही मामा" म्हणून मोकळं होता आलं असतं. कोणाचं काही बिघडलं नसतं. पण तिने माझं मनगट धरून, माझ्या तोंडानं सांगते, म्हटलं होतं आणि ते तोंड आता नव्हतं. मी उठले, मांडणीच्या खालच्या फळीवरून तो डबा आणला आणि त्यांच्यापुढे ठेवला.

मी पाहिली होती तेव्हा पट्टी बटणांत नुसतीच पडलेली होती. आता ती देवीच्या अंगाऱ्याच्या पुडीत होती, आणि तिच्यावर हळदीकुंकवाचं बोट होतं.

मामांनी ती हातावर घेतली. "कवापास्नं ठाऊक व्हतं?" त्यांनी विचारलं. मी कॅमेरा मागितलेली दिवाळी सांगितली. फोन, धूळ, मंगळवार, सगळं सांगितलं. भाजी चांगली झाली म्हणून राहून गेलेलंही सांगितलं. ते ऐकताना त्यांनी एकदाही मला थांबवलं नाही. शेवटी म्हणाले, "थेंब टाकताना तिचा हात कापायचा. म्या म्हणायचो, म्हातारी झालीस. अन् डोळे मिटून पडायचो. उघडून येकदा बघाय पायजे व्हतं."

मी हे बरोबर केलं की चूक, ते मला अजून ठरवता आलेलं नाही. तिचा शब्द मी पाळला, असं म्हणता येतं. आणि जे ओझं तिने इतकी वर्षं एकटीने वाहिलं, ते ती गेल्यावर मी उचलून त्या म्हाताऱ्या माणसाच्या हातावर ठेवलं, असंही म्हणता येतं. दोन्ही खरंच आहे. पहिलंच सांगितलं असतं, त्या रविवारी, तिचा हात सोडवून, तर दोघंही बाजेवर बसून हसली असती. हेही खरं आहे, आणि तेच मला जास्त टोचतं.

दिवेलागण झाली. मामा उठून बाहेर गेले आणि नेहमीसारखे बाजेवर उताणे पडले. थोड्या वेळाने त्यांनी हाक मारली. उशाजवळ गुलाबपाण्याची बाटली होती.

"टाक," ते म्हणाले.

"मामा, तुमच्या डोळ्यांना..."

"ठाऊक हाय. टाक की."

मी आत जाऊन खुंटीवरचं तिचं फडकं आणलं आणि उशाशी बसले. मामांनी डोळे मिटले नाहीत. एक थेंब नीट पडला. दुसऱ्याला माझा हात कापला आणि तो त्यांच्या गालावर ओघळला. मी फडक्याने गाल पुसला. तो पुन्हा ओला झाला. मी पुन्हा पुसला.